पहिलं व्हायोलिन घ्यायचंय, परभणीत बसून कसं निवडावं?

परभणीची_सारंगा

'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणतो खरं आपण, पण इथं व्हायोलिन दाखवा म्हटलं की दुकानदार हार्मोनियम पुढं सरकवतात. मला हिंदुस्थानी पद्धतीनं, खाली बसून वाजवायला शिकायचंय. वय ३६, आधी काहीच वाजवलेलं नाही. सर ऑनलाइन शिकवणार आहेत, म्हणजे सूर ते ऐकतील, पण वाद्य हातात घेऊन बघणारं कुणी नाही. गज, वाद्य ठेवायची पेटी, सगळं धरून बजेट १८,००० रुपये.

समोर तीन वाटा आहेत. एक, ऑनलाइन मिळणारा ४,८०० चा सेट. दुसरी, नांदेडला एका घरातलं जुनं व्हायोलिन. आत 'अँटोनियस स्ट्रॅडिव्हेरियस, १७२१' असं लेबल आहे आणि १५,००० मागताहेत. तिसरी, मुंबई, पुणे किंवा हैदराबादला जाऊन दुकानातून घेणं.

८ वर्षांच्या मुलीलाही शिकायचंय. दोघींत एक चालेल का? आणि आपल्याला वाजवता येत नसताना वाद्य पारखायचं तरी कसं?


कानपिळ्या

ताई, ब्रँडच्या आधी हे ठरवा की वाद्य जुळवून कोण देणार. स्वस्त व्हायोलिन कारखान्यातून बहुतेकदा अर्धकच्चं निघतं: घोडी (तारांना उचलून धरणारा उभा लाकडी तुकडा) जाड आणि उंच, तिचे पाय सपाट, खुंट्या भोकात नीट न बसलेल्या, वरच्या नटच्या (मानेच्या टोकाशी तारा टेकतात तो आडवा तुकडा) खाचा उथळ. तार पट्टीपासून, म्हणजे बोटं दाबतो त्या फिंगरबोर्डपासून, उंच असली की दाबताना ती जास्त ताणली जाते. बोट बरोब्बर जागेवर पडूनही सूर चढा लागतो आणि शिकणारा दोष आपल्या कानाला देत बसतो.

वाजवता आलं नाही तरी मोजता येतं. फुटपट्टी, टॉर्च आणि मोबाइलवरचा ट्यूनर घेऊन जा. खालचे आकडे फुल साइजचे आहेत.

तारेची उंची फिंगरबोर्ड जिथं संपतो त्या टोकाला मोजा, पट्टीपासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत. सगळ्यात बारीक तार ३ ते ३.५ मिमी, सगळ्यात जाड ५ ते ५.५ मिमी. बारीक तारच ५-६ मिमीवर असेल तर घोडी तासायची राहिलीय. हे दुरुस्त होतं, म्हणून तेवढ्यावरून वाद्य बाद करू नका. नटपाशी तार आणि पट्टीमध्ये व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावं.

मानेचा कोन मात्र बाद करण्याजोगी गोष्ट आहे. फुटपट्टी फिंगरबोर्डवर लांबीच्या दिशेनं, मधोमध धरून घोडीपर्यंत न्या. ती घोडीला जिथं टेकेल तिथून खाली वाद्याच्या पोटापर्यंतची (पोट म्हणजे समोरची फळी) उंची २७ मिमीच्या आसपास हवी. २६ ते २८ ठीक. २४ च्या खाली गेली तर मान ताणानं पुढं झुकलीय किंवा मुळातच चुकीच्या कोनात बसवलीय. मग घोडी बुटकी करावी लागते आणि आवाज दबतो. मान काढून पुन्हा बसवायचा खर्च विद्यार्थ्याच्या वाद्याला परवडत नाही.

मग मानेची लांबी. नटपासून पोटाच्या वरच्या कडेपर्यंत १३० मिमी, त्या कडेपासून एफ-होलच्या (पोटावरच्या f आकाराच्या भोकाच्या) आतल्या खाचेपर्यंत १९५ मिमी. घोडी दोन्ही खाचांच्या रेषेत उभी राहते, त्यामुळे तारेची वाजती लांबी साधारण ३२५ ते ३२८ मिमी येते. मान ५ मिमीनं कमीजास्त असली तर पुढं दुसऱ्या वाद्यावर बोटांच्या जागा नव्यानं बसवाव्या लागतात.

आता टॉर्च. उजवीकडच्या एफ-होलमधून आत बघा. घोडीच्या बारीक तारेकडच्या पायामागं, ३-४ मिमी अंतरावर, पेन्सिलीपेक्षा थोडी बारीक लाकडी कांडी सरळ उभी दिसली पाहिजे. तो साउंड पोस्ट. तो चिकटवलेला नसतो, पोट आणि पाठ यांच्यामध्ये दाबून बसवलेला असतो. वाद्य हलवल्यावर आत काही गडगडलं तर तो पडलाय. त्या अवस्थेत तारा ताणून ठेवू नयेत, पोट खाली दबतं. आणि कुणी 'फेविक्विकनं चिकटवून देतो' म्हणालं तर वाद्य उचलून बाहेर पडा.

लाकूडही एफ-होलच्या कडेतच कळतं. वरच्या उभ्या रेषा कडेतून तशाच खाली उतरताना दिसल्या तर अखंड स्प्रूस. थर दिसले तर प्लायवुड. पाठीला मेपल असतं. काळ्या पट्टीला मात्र फसू नका. खरी आबनुसाची पट्टी कडेलाही काळपट-तपकिरी असते. रंगवलेल्या पट्टीची खालची बाजू किंवा नटजवळची कड पांढरट निघते, आणि वर्षभरात तारांखाली रंग उडून खाचा पडतात.

खुंट्या फिरवून बघा. घट्ट पण गुळगुळीत फिरावी, सोडली की जागेवर थांबावी. झटके देत फिरत असेल तर खुंटी आणि भोक यांचा उतार जुळत नाही. थोडी सटकत असेल तर फिरवताना आत दाबायची, किंवा काढून तिच्यावर कोरडा साबण नि खडू घासायचा. साबणानं फिरते, खडूनं थांबते. एका वेळी एकच खुंटी काढा हं, चारही तारा सोडल्या की घोडी पडते आणि मागोमाग साउंड पोस्टही.

लेबलाबद्दल: स्ट्रॅडिव्हेरी १७३७ ला क्रेमोनात वारला. त्याच्या नावाची छापील लेबलं पुढं कारखान्यांनी लाखो वाद्यांत चिकटवली. अर्थ एवढाच, की नमुना त्याच्या धर्तीचा. म्हणून नांदेडचं वाद्य वाईट ठरत नाही, पण त्या कागदाचा एक रुपयाही देऊ नका.

मुलीसाठी वेगळंच लागेल. हात बाजूला सरळ ताणून तळवा वर करायला सांगा आणि मानेच्या मुळापासून तळव्याच्या मध्यापर्यंत मोजा. ५८ सेंमीपुढं फुल साइज, ५५-५६ ला थ्री-फोर्थ, ५१ ला हाफ, ४७ ला वन-फोर्थ. ८ व्या वर्षी बहुधा हाफ निघतं. वाढत्या अंगाचा फ्रॉक घेतात तसं वाढत्या अंगाचं व्हायोलिन घेऊ नये. दोन मापांच्या मध्ये असेल तर लहान घ्या, नाहीतर करंगळी पोचावी म्हणून पोर मनगट मोडून धरते आणि ती सवय सुटत नाही.


घोडी_तासणारा

वरचं सगळं बरोबर, एकाच ठिकाणी मतभेद. घोडी तासायची राहिली असेल तर 'दुरुस्त होतं' म्हणणं सोपं, पण परभणीत करणार कोण? मिरजेचं नाव लोक सांगू लालेत, पण मिरज तंबोऱ्याचं आणि सतारीचं गाव. त्यांची घोडी सपाट, जवारीची. व्हायोलिनची घोडी उभी, कमानीची, काम अगदी निराळं. गावातल्या सुताराला तर देऊच नका.

म्हणून ४,८०० चा सेट माझ्या मते घेऊ नये. त्यात पुन्हा चांगल्या तारा, चालण्यासारखा गज आणि जुळवणी धरली की आकडा दहाच्या पुढं जातो, आणि वाद्याचं अंग प्लायवुडचंच राहतं.

परभणी स्टेशनचा एक फायदा आहे. देवगिरी एक्स्प्रेस एका दिशेला मुंबई, दुसऱ्या दिशेला सिकंदराबाद. मुंबईत धोबी तलाव भागात पाश्चात्त्य वाद्यं मिळतात. पण तुम्हाला खाली बसून वाजवायचंय, तेव्हा मी हैदराबाद सुचवीन. कर्नाटक संगीतात व्हायोलिन हे गाण्याच्या साथीचं रोजचं वाद्य, तेही बसूनच वाजतं. त्यामुळे तुमच्या धाटणीची जुळवणी करणारे हात तिकडं सापडायची शक्यता जास्त. जायच्या आधी फोनवर तीनच प्रश्न विचारा: घोडी इथंच तासून देता का, साउंड पोस्ट सरकवणारा माणूस दुकानात आहे का, महिन्याभरानं परत आणलं तर पुन्हा जुळवाल का. तिन्हीला 'हो' नसेल तर तिकीट काढू नका.

मॉडेल म्हणाल तर स्टेंटरचं स्टुडंट टू विद्यार्थ्यांत बरंच चालतं: अखंड लाकूड, आबनुसाची पट्टी आणि खुंट्या. त्याच्या खालचं स्टुडंट वन स्वस्त, पट्टी साध्या काळ्या केलेल्या लाकडाची. यामाहाचं व्ही-थ्री याच वर्गातलं. रामपूर आणि कोलकात्याची भारतीय वाद्यंही बघा. त्यांत एकसारखेपणा नसतो. एक छान, शेजारचं बेताचं. म्हणून ती समोर मोजूनच घ्यायची, कुरियरनं मागवायची नाहीत.

बजेट असं फोडा: वाद्याला १२,००० पर्यंत, उरलेले तारा, गज आणि जुळवणीला. मुलीचं हाफ साइज जुनं किंवा भाड्यानं मिळतं का बघा, दोन वर्षांत ते लहान पडणारच.

तरीही घोडी घरी तासायची वेळ आलीच, तर पद्धत सांगून ठेवतो. एक जादा घोडी आणा, मूळची जपून ठेवा. आधी पाय. घोडी उभी राहते त्या जागी १२० नंबरचा पॉलिश पेपर खरखरीत बाजू वर करून ठेवा, घोडी त्यावर सरळ धरून वाद्याच्या लांबीच्या दिशेनं पुढंमागं घासा. पोटाचा गोलवा पायांना उतरतो आणि खालून उजेड दिसेनासा होतो. मग उंची. पट्टीच्या टोकाशी तार १.५ मिमी खाली आणायची असेल तर घोडीच्या माथ्यावरून साधारण १.८ मिमी काढावं लागतं, कारण घोडी नटपासून जास्त लांब आहे. एकदम काढू नका. अर्धा मिमी, तारा चढवा, मोजा, पुन्हा. कमान तीच ठेवा, सपाट झाली की मधली तार वाजवताना शेजारचीही वाजते. माथ्याची जाडी शेवटी १.३ ते १.५ मिमी. तारेच्या खाचा तारेच्या एक तृतीयांश जाडीइतक्याच, आणि त्यांत मऊ पेन्सिलीचं शिसं फिरवायचं. उतरवलेलं लाकूड परत चढत नाही.


लातूरची_रियाजवाली

गजाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून थोडं.

सेटमधल्या गजाची काडी पुष्कळदा वाकडी असते. दांड्याच्या खालच्या टोकाकडून एक डोळा मिटून टोकाकडं बघा, बंदुकीचा नेम धरतात तसं. डावी-उजवीकडं वळलेला गज घेऊ नका. आतल्या बाजूला, केसांच्या दिशेनं, वाक हवाच. स्क्रू फिरवून केस ताणल्यावर मध्ये काडी आणि केसांत एक पेन्सिल मावेल एवढीच फट राहावी. काडी सरळ झाली तर जास्त ताणलाय. वजन ६० ग्रॅमच्या आसपास. केस बदलून देणारं मराठवाड्यात सहज सापडत नाही. स्वस्त लाकडी गजाऐवजी कार्बन फायबरचा साधा गज घ्या, तो उन्हाळ्यात वाकत नाही. वाजवून झालं की केस सैल करायचे, रोज.

नव्या गजातून आवाजच येत नाही, हा बिघाड नव्हे. कोऱ्या केसांवर रोझिन (घासायची राळ) नसतं. रोझिनची नवी वडी काचेसारखी असते, तिच्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवून पांढुरकी करा, मग केसांवर खालपासून वरपर्यंत २०-३० वेळा. पुढं रोज दोन-चार हात पुरेत. केसांना बोट लावू नका, हाताचं तेल लागलं की तेवढ्या जागी तार पकडत नाही. तारांवर साचलेली पूड कोरड्या फडक्यानं पुसा.

आणि आपला उन्हाळा! पत्र्याच्या खोलीत, बंद गाडीत, गच्चीखालच्या माळ्यावर वाद्य ठेवू नका. व्हायोलिनचे जोड सरसानं चिकटवलेले असतात, उष्णतेनं सुटतात. खरं तर ते सुटावेत म्हणूनच सरस वापरतात, म्हणजे लाकूड तडकत नाही. पण पुन्हा सरसानंच चिकटवायचे, फेविकॉलनं नाही. एप्रिल-मेमध्ये लाकूड आकसतं आणि खुंट्या आपोआप सुटतात, सकाळी पेटी उघडली की चारही तारा लोंबताना दिसतील. जुलैत त्याच खुंट्या फुगून फिरेनाशा होतात. कूलरच्या झोतात ठेवणं सगळ्यात वाईट, दिवसा ओलं आणि रात्री कोरडं. साबणाच्या डबीला भोकं पाडून त्यात पिळून घेतलेला स्पंजचा तुकडा, असं पेटीत उन्हाळाभर ठेवा. पावसाळ्यात स्पंज काढून सिलिका जेल. पेटी बरेच दिवस बंद राहिली की बारीक किडे गजाचे केस कुरतडतात. गज काढून घ्या आणि रिकामी पेटी उन्हात उघडी ठेवा.


परभणीची_सारंगा

सगळ्यांचे आभार. नांदेडचं व्हायोलिन मोजून आणलं. मानेची उंची घोडीपाशी २३ मिमी. बारीक तार पट्टीच्या टोकाला ४.५, जाड तार ७. पाठीवर, साउंड पोस्ट असतो साधारण त्याच ठिकाणी, बोटभर लांब उभी चीर आहे, मालक म्हणतात वॉर्निशची आहे. १५ चे ११ करायला तयार आहेत.

आणि सर म्हणाले, 'तारा प-सा-प-सा मिळवू, पट्टी तू ठरव.' त्याचा वाद्य निवडण्याशी काही संबंध येतो का?


कानपिळ्या

नांदेडचं सोडा. मान २३ मिमीवर आणि तार तरीही उंच, म्हणजे घोडी खाली आणली की आणखीच बुटकी होईल. आणि पाठीला साउंड पोस्टच्या जागी गेलेली चीर हा व्हायोलिनचा सगळ्यात महागडा आजार. ताण नेमका तिथंच येतो, आतून लाकडाचा तुकडा बसवावा लागतो. वॉर्निशची चीर नखाला लागत नाही, लाकडाची लागते. ११ काय, ५ लाही नको.

या पट्टीचा, म्हणजे 'सा' कुठल्या सुराला धरायचा त्याचा, संबंध येतो, तारांशी. व्हायोलिनच्या तारा मुळात पांढरी ५, पांढरी २, पांढरी ६, पांढरी ३ (हार्मोनियमच्या सप्तकातले पांढऱ्या-काळ्यांचे क्रमांक) या सुरांसाठी बनतात. पांढरी २ चा सा धरून प-सा-प-सा लावलं तर जाड तार दोन अर्धस्वर चढवावी लागते, मधल्या दोन जशाच्या तशा, बारीक तार दोन अर्धस्वर उतरते. काळी १ चा सा धरला तर जाड तार एक चढते, मधल्या दोन्ही एकेक उतरतात, बारीक तीन उतरते. पांढरी १ ला जाड तार जागेवर, मधल्या दोन-दोन आणि बारीक चक्क चार अर्धस्वर खाली. काळी २ ला जाड तार तीन अर्धस्वर चढवावी लागते, तिथं मात्र थांबा. ताण वाढतो आणि गजाला ती कडक लागते.

सुरुवातीला पांढरी २ किंवा काळी १ ठेवा. बारीक तार सैल झाली की पातळ, शिट्टीसारखी वाजते, म्हणून ती एकच तार जाड गेजची घ्या. जर्मन पाकिटावर 'स्टार्क' लिहिलेलं असतं. घेण्याआधी टेलपीसचा (तारांची खालची टोकं अडकतात तो तुकडा) फाइन ट्यूनर, म्हणजे बारीक मिळवणीचा स्क्रू, बघा: एकाच हुकचा असेल तर टोकाला फास असलेली तार लागते, दोन दातांचा असेल तर मणी असलेली. चुकीची आणली की बसत नाही.

पूर्ण संचासाठी आत्ता स्टीलच्या तारा घ्या, डिआडारिओ प्रिल्यूडसारख्या. हवामानानं कमी हलतात, टिकतातही. टोनिका किंवा डॉमिनंटसारख्या सिंथेटिक तारांचा आवाज गोड, पण नव्या असताना काही दिवस सारख्या उतरत राहतात आणि नवशिक्याला वाटतं खुंटीच सटकतेय.


घोडी_तासणारा

एक भर. प-सा-प-सा लावणाऱ्यांना रोज बारीक मिळवणी करावी लागते, तर चारही तारांना फाइन ट्यूनर हवेत. पण चार सुटे लोखंडी ट्यूनर साध्या टेलपीसवर चढवू नका. वजन वाढतं आणि घोडीमागची तार आखूड होते, आवाज बंद-बंद वाटतो. विटनरसारखा, ट्यूनर अंगातच असलेला टेलपीस मागा. बसवल्यावर घोडी ते टेलपीस ही तारेची लांबी ५४-५५ मिमी आहे का मोजून घ्या.

शोल्डर रेस्टचे पैसे वाचवा. आपल्या बैठकीत वाद्याचं डोकं उजव्या पायाच्या घोट्यावर टेकतं, खांद्याला आधार लागत नाही. चिन रेस्ट ठेवा, फक्त तो टेलपीसला चिकटत नाही ना ते बघा. नव्या वाद्यात तार खणखणली तर आधी हेच तपासायचं, मग ट्यूनरचे सैल स्क्रू, मग कडेनं बोटाच्या पेरानं ठोकत जायचं. जिथं टकटक पोकळ, फुटक्या मडक्यासारखी वाजेल तिथं जोड सुटलाय.

आणि तारा मिळवताना घोडी हळूहळू फिंगरबोर्डकडं झुकते. टेलपीसकडची बाजू पोटाशी काटकोनात आहे का हे रोज बघा. झुकली असेल तर वाद्य मांडीवर घ्या, दोन्ही हातांच्या अंगठ्या-तर्जनीनं माथा धरून केसभर मागं ओढा. जास्त झुकली असेल तर आधी तारा थोड्या उतरवून मगच.